तारा आल्या, मग हा धूर कुणाचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

रेल्वेच्या डिझेल धुराबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

पुणे-मिरज मार्गावर विजेच्या तारा आल्या, वंदे भारतही धावते. तरी डिझेल इंजिने दिसतात ती का? विद्युतीकरण झाल्यावर धूर संपायला हवा होता ना?
*— एक निवृत्त शिक्षक, सांगली*

धावत्या गाड्यांचा धूर बराचसा संपला, हे खरे आहे. सप्टेंबर २०२४ पासून सातारा, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज अशी थांबत जाणारी कोल्हापूर-पुणे वंदे भारत पूर्ण विजेवर चालते. पण रेल्वेचे काम म्हणजे फक्त एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी नेणे नव्हे.

तारेखाली न येणारी कामे मागे राहतात. मालधक्क्याच्या रुळावर तार टाकत नाहीत किंवा अलीकडेच थांबवतात, कारण तिथे डोक्यावर २५,००० व्होल्ट ठेवून वाघिणीच्या (मालडब्याच्या) टपावर माणूस चढवता येत नाही आणि जेसीबीचा बूमही उचलता येत नाही. तिथे वाघिणी ढकलायला डिझेल शंटर लागतो. तार दुरुस्त करायला जी टॉवर वॅगन येते ती स्वतः डिझेलवर चालते. तार बंद असतानाच तिचे काम, त्यामुळे दुसरा इलाज नाही. खडी दाबणारी, रूळ सरळ करणारी यंत्रेही डिझेलचीच. शिवाय वीज गेली किंवा अपघात झाला तर मदतीला जाणारे इंजिन डिझेलचेच ठेवतात, आणि ते ठेवायलाही हवे.

म्हणजे धूर कमी झाला आणि जो उरला तो एका जागी गोळा झाला. पूर्वी तो पुण्यापासून मिरजेपर्यंत पसरायचा. आता यार्ड, मालधक्का आणि त्यांच्या कडेची घरे एवढ्यांच्या वाट्याला येतो. खालचा प्रश्न त्यातूनच आला आहे.

आमचे घर एका स्थानकामागे, रुळापासून साधारण ८० मीटरवर आहे. रात्री अकराला इंजिन येऊन उभे राहते आणि पहाटे पाचपर्यंत नुसते धडधडत असते. कुठे जात नाही, काही ओढत नाही. ते बंद का करत नाहीत?
*— सांगली जिल्ह्यातील एक वाचक (अशाच आशयाची आणखी चार पत्रे)*

डिझेल प्रदूषणात सगळ्यात स्वस्तात थांबवता येईल असा भाग हाच आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

आधी हिशोब पाहा. मोठे लोको इंजिन नुसते उभे असताना तासाला सुमारे २५ लिटर डिझेल पिते. अकरा ते पाच म्हणजे सहा तास, १५० लिटर. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका रात्रीत ४०० किलो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र कार्बन डायऑक्साइडपेक्षा बाकीचे महत्त्वाचे: काजळीचे सूक्ष्म कण, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अर्धवट जळालेले इंधन. मंद चालणाऱ्या इंजिनात सिलेंडर थंड राहतात. फवारलेले डिझेल पुरते जळत नाही, काही भिंतींवरून ओघळून खालच्या वंगणतेलात मिसळते, काही धुराड्यात चिकटून बसते. सकाळी इंजिन निघते तेव्हा पहिल्या झटक्याला तोच साठा काळ्या ढगासारखा बाहेर पडतो. रात्रभर इंजिन चालू ठेवणे इंजिनालाही चांगले नाही. वंगणतेल पातळ होते, बेअरिंगांची झीज वाढते.

मग बंद का करत नाहीत? लोको पायलटला इंधन जाळायची हौस नसते. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत.

एक, बॅटरी. इंजिन बंद केले आणि पहाटे सुरूच झाले नाही तर गाडी अडते, मागच्या गाड्या अडतात आणि जाब त्यालाच विचारतात. बॅटरी जुनी असेल तर हा धोका कुणी पत्करत नाही.

दोन, ब्रेकची हवा. आपल्या गाड्यांचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. मुख्य ब्रेक पाइपात चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब ठेवावा लागतो आणि तो देणारा कॉम्प्रेसर इंजिनावर असतो. इंजिन बंद, कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक जोडातून थोडी थोडी हवा गळते. लांब मालगाडीत ती पुन्हा भरून दाब तपासायला बराच वेळ जातो.

तीन, सुरक्षितता, आणि यात तडजोड नाही. ब्रेक सिलेंडरमधली हवाही हळूहळू गळते, आणि उतारावर उभी गाडी मग नुसत्या हवेवर धरून राहत नाही. म्हणून इंजिन बंद करायचे तर हँडब्रेक कसावे लागतात, चाकाखाली लाकडी ठोकळे लावावे लागतात. ती माणसे आणि तो वेळ रात्रपाळीत नसेल तर इंजिन चालू ठेवणेच सोपे पडते.

चौथे कारण काही वेळा सांगितले जाते, ते मात्र आपल्याकडे लागू नाही: थंडी. कॅनडासारख्या देशात इंजिनातले पाणी गोठेल म्हणून ते चालू ठेवतात. कृष्णाकाठी डिसेंबरात कितीही हुडहुडी भरली तरी रेडिएटर गोठत नाही.

पहिल्या दोन अडचणींवर तोडगा निघालेला आहे आणि तो भारतीय रेल्वेनेच वापरात आणला आहे. त्याला एपीयू म्हणतात, म्हणजे लोकोतच बसवलेले सुमारे २५ अश्वशक्तीचे छोटे डिझेल इंजिन. त्यावर एक कॉम्प्रेसर आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. मुख्य इंजिन दहा मिनिटे नुसते उभे राहिले की आपोआप बंद होते आणि हा छोटा सुरू होतो. ब्रेकची हवा टिकते, बॅटरी भरलेली राहते. खर्च तासाला ३ लिटर. तुमच्या सहा तासांत १५० ऐवजी १८ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर एका इंजिनामागे एका रात्रीत जवळपास १२,००० रुपये वाचतात. धुराचा विचार बाजूला ठेवला तरी हे गणित परवडणारे आहे. एपीयू बसवूनही वापरला जात नाही तेव्हा कारणे बहुधा किरकोळ असतात: त्याचीच छोटी बॅटरी उतरलेली, पट्टा तुटलेला, सेन्सर बिघडल्याने ‘ऑटो’ बंद करून ठेवलेले. शेडमध्ये मोठ्या इंजिनाच्या दुरुस्तीपुढे या छोट्याकडे लक्ष जात नाही.

अमेरिकेत २००८ च्या नियमांनी नव्या आणि नूतनीकरण केलेल्या लोकोंना अशी आपोआप बंद होणारी यंत्रणा सक्तीची केली. तिथली मर्यादा ३० मिनिटांची. त्याआधी २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिल यार्डाचा अभ्यास झाला होता. त्यात दिसले की यार्डातल्या डिझेल कणांपैकी निम्म्याच्या जवळ जाणारा वाटा निव्वळ उभ्या इंजिनांचा होता.

आता तुम्ही काय करायचे? ‘धुराचा त्रास होतो’ एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. पंधरा दिवसांची नोंदवही करा. प्रत्येक रात्री पाच गोष्टी लिहा: इंजिनाच्या बाजूवर रंगवलेला पाच आकडी क्रमांक, त्याच्या वर्गाची अक्षरे, कितव्या रुळावर उभे होते, कधी आले आणि कधी गेले, गाडी जोडलेली होती की सुटे इंजिन. वर्गाच्या अक्षरांत दुसरे ‘डी’ असेल तर डिझेल. तिसरे ‘एस’ म्हणजे शंटिंगचे, ‘जी’ म्हणजे मालगाडीचे. सुटे इंजिन ही तुमची सगळ्यात भक्कम नोंद, कारण मागे गाडीच नाही तर तिच्या ब्रेकची हवा टिकवण्याचा प्रश्नच येत नाही. रुळात उतरून फोटो काढू नका. तो गुन्हा आहे आणि जिवावरचाही. गच्चीवरून वेळ दिसेल असा व्हिडिओ पुरतो.

ही वही जोडून मध्य रेल्वेच्या पुणे विभागाच्या व्यवस्थापकांना पत्र द्या आणि एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या उपप्रादेशिक कार्यालयाला. सोबत माहिती अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, तीनच प्रश्न विचारा: या यार्डात काम करणाऱ्या डिझेल लोकोंपैकी कितींना एपीयू आहे, त्यातले किती चालू स्थितीत आहेत, आणि उभे इंजिन किती वेळाने बंद करायचे याचा लेखी आदेश काय आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. मागणीही नेमकी ठेवा: ‘इंजिने हटवा’ नको, ‘एपीयू दुरुस्त करा, आणि तोवर सुटे इंजिन वस्तीपासून लांबच्या रुळावर उभे करा’. दुसरी गोष्ट तर फुकट होते.

इंजिन निघताना कधी काळा, कधी निळसर, कधी पांढरा धूर येतो. त्यावरून बिघाड ओळखता येतो का?
*— आयटीआयचा विद्यार्थी, कऱ्हाड*

बऱ्याच अंशी येतो. काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. जुन्या अल्को (एक अमेरिकी कंपनी) घराण्यातल्या इंजिनांत पायलटने नॉच (जोर वाढवण्याची पायरी) वाढवला की इंधन लगेच वाढते, पण इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद हवा अपुरी आणि काळा लोट. हा लोट पाच-दहा सेकंदांत विरळ झाला तर ती त्या इंजिनाची जात आहे. एका नॉचवर स्थिर चालत असतानाही काळे येतच राहिले तर मात्र बिघाड: एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोच्या पात्यांवर कार्बन, आफ्टरकूलर घाण, किंवा इंजेक्टर फवारण्याऐवजी टपकतो आहे. ईएमडी (दुसरी अमेरिकी कंपनी) बनावटीच्या इंजिनांत टर्बो कमी भारावर गिअरने फिरवतात, म्हणून तिथे सुरुवातीचा लोट कमी दिसतो.

निळसर म्हणजे वंगणतेल जळते आहे. पिस्टन रिंग झिजल्या किंवा टर्बोचे ऑइल सील गेले. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. थंड इंजिनात दोन-चार मिनिटे चालतो. गरम झाल्यावरही राहिला तर एखादा सिलेंडर पेटतच नाही किंवा इंजेक्शनची वेळ चुकली आहे. पांढरा आणि लगेच हवेत विरणारा असेल तर ती नुसती वाफ.

एक इशारा. धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ, असे समजू नका. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत.

दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे पडते. सासूबाई म्हणतात रेल्वेचे, शेजारच्या वहिनी म्हणतात कारखान्याचे. कसे ओळखावे?
*— एक गृहिणी, माधवनगर*

पांढरा सुती रुमाल पाण्यात भिजवून पिळा, ताटावर पसरा आणि गच्चीवर सहा तास ठेवा. मग भिंगाखाली पाहा.

नखाएवढ्या, लांबट, कुरळ्या काळ्या पापड्या असतील आणि बोट लावताच त्यांचा भुगा होत असेल, तर ती उसाच्या पाचटाची राख. फड पेटवला की ती वाऱ्यावर मैलभरसुद्धा येते. बारीक, खरखरीत, करडे-काळे कण असतील, झटकल्यावर निघत असतील, तर ती कारखान्यात बगॅस (उसाचा चोथा) जाळणाऱ्या बॉयलरची राख असण्याची शक्यता जास्त. डिझेलची काजळी या दोन्हींहून निराळी: तिचे सुटे कण दिसतच नाहीत. कापडावर करडी झाक येते, बोटाने पुसली तर निघण्याऐवजी फासली जाते, किंचित तेलकट लागते आणि साध्या पाण्याने जात नाही.

हाच प्रयोग गळीत हंगामात एकदा आणि जूनच्या आधी एकदा करा. हंगाम संपताच काळे पडणे थांबले तर वहिनी जिंकल्या. दोघी बरोबर असण्याचीही शक्यता आहे. सांगली शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, आणि ते काही एकट्या रेल्वेमुळे नाही. रस्त्याची धूळ, ट्रक, वीटभट्ट्या, जाळलेला कचरा असे सगळे त्यात आहेत. आणखी एक: कपड्यावर दिसते ते फुप्फुसात खोल जात नाही. पापड्या नाकातच अडकतात. आत जातात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, केसाच्या जाडीच्या वीसाव्या-तिसाव्या भागाएवढे.

विजेवर गाडी चालवली तरी वीज कोळशाचीच. धूर इथून उचलून चंद्रपूर-परळीला टाकला, यात काय साधले?
*— एक महाविद्यालयीन प्राध्यापक, सातारा*

प्रश्न रास्त आहे. कोळशाचे प्रदूषण खरे आहे, आणि त्यातून तयार होणारे सल्फेटचे कण शेकडो किलोमीटर जातात. तरी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लोकोचे धुराडे जमिनीपासून साडेचार मीटरच्याही आत, म्हणजे पहिल्या मजल्याच्या खिडकीसमोर. ५०० मेगावॉट किंवा मोठ्या औष्णिक संचाची चिमणी २७५ मीटरची आणि तिच्याआधी राख धरणारी विद्युत यंत्रणा. तोच एक किलो धूर कुणाच्या नाकाशी सोडला यावर आजार ठरतो. दुसरे, एका चिमणीवर नियंत्रण बसवणे शेकडो फिरत्या इंजिनांवर बसवण्यापेक्षा सोपे.

आणि सगळी वीज कोळशाची नाही, हे साताऱ्याला कुणी सांगायला नको. १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचे धरण तुमच्याच जिल्ह्यात आहे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. ग्रीडमध्ये सगळे एकत्र होते, त्यामुळे ‘आमची गाडी कोयनेवर चालते’ असे म्हणता येत नाही, पण मिश्रण सुधारत गेले की जुनीच गाडी आपोआप स्वच्छ होते. डिझेल लोकोला ती सोय नाही. शिवाय आदर्की घाट उतरताना नवी विद्युत इंजिने ब्रेक लावून मोटारीतून वीज तयार करतात आणि तारेत परत सोडतात. डिझेल लोको तीच ऊर्जा टपावरच्या जाळीतून उष्णता म्हणून उडवून देतो.

नव्या ट्रकना असतो तसा फिल्टर रेल्वे इंजिनाला का बसवत नाहीत?
*— एक ट्रकमालक, इस्लामपूर*

बसवता येतो, पण जिथे सगळ्यात गरज आहे तिथेच तो नीट चालत नाही. काजळी धरणारा फिल्टर स्वतःला साफ ठेवतो तो अडकलेली काजळी जाळून, आणि त्यासाठी धूर २५० ते ३०० अंशांच्या वर गरम लागतो. तुमचा ट्रक हायवेवर तासभर भाराखाली पळतो, त्यामुळे जमते. शंटिंगचे इंजिन दिवसातला बराच वेळ नुसते उभे, धूर कोमट. फिल्टर तुंबतो, मागचा दाब वाढतो, इंजिन गुदमरते. शहरात कचरा गोळा करणाऱ्या नव्या गाड्यांचे ‘डीपीएफ’चे (याच फिल्टरचे) दिवे वारंवार लागतात ते याच कारणाने. पूर्वी डिझेलमधल्या गंधकाची अडचण होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचे (दहा लाख भागांत गंधक फक्त १० भाग) डिझेल आल्यावर ती उरलेली नाही.

आमच्या मते शंटरवर फिल्टर लादण्यापेक्षा शंटरच बदलावा: बॅटरीचा, किंवा एका मोठ्याऐवजी तीन छोटी इंजिने असलेला, ज्यात काम असेल तेवढीच सुरू होतात. चांगल्या स्थितीतल्या जुन्या मोठ्या डिझेल लोकोंचे विद्युत लोकोत रूपांतर होते हेही सिद्ध झाले आहे. वाराणसीच्या कारखान्याने २०१८ मध्ये दोन डिझेल लोकोंचे मिळून १०,००० अश्वशक्तीचे विद्युत इंजिन ६९ दिवसांत उभे केले.

मुलाला दमा आहे. रुळाजवळ राहतो. घर बदलणे शक्य नाही. मास्क, झाडे, एअर प्युरिफायर यांतले काय उपयोगी?
*— एक वाचक, सातारा रोड परिसर*

डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले, पण दम्याच्या मुलाला त्याचा त्रास त्याच रात्री होतो. म्हणून आधी वेळ सांभाळा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण लावल्यासारखी अडकते. दिवसा उगमापासून दीडशे-तीनशे मीटरांत विरणारा धूर पहाटे किलोमीटरभर रेंगाळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रुळाकडच्या खिडक्या रात्री नऊपासून सूर्य चांगला वर येईपर्यंत बंद, विरुद्ध बाजूच्या थोड्या उघड्या. दुपारी सगळ्या सताड. मुलाची झोपायची खोली रुळापासून लांबची. सकाळचे मैदान आठनंतर.

कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क या कणांना अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ अडवतो, पण नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू त्यातूनही जातो, आणि धाप लागलेल्या मुलाला तो लावून ठेवू नका. हेपा (अतिबारीक कण धरणाऱ्या) फिल्टरचा प्युरिफायर बंद खोलीत कण कमी करतो. खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्या आणि फिल्टर काळा पडला की बदला. कुंड्यांतली झाडे डोळ्यांना बरी, धुराला नाहीत. घरात उदबत्ती, धूप आणि मच्छर कॉइल बंद करा. बंद खोलीत एक कॉइल रुळावरच्या इंजिनापेक्षा कमी उपद्रवी नाही. इनहेलर डॉक्टरांनी रोजचा दिला असेल तर बरे वाटते म्हणून थांबवू नका.

दोन-तीन हजारांचा कणमापक घेतलात तर एवढे ध्यानात ठेवा: धुक्यात तो पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो, आणि डिझेलचे सगळ्यात बारीक कण त्याला दिसतच नाहीत. आकड्यापेक्षा चढउतार पाहा. इंजिन आल्यावर पंधरा मिनिटांत आकडा चढला आणि गेल्यावर उतरला, हे नोंदवहीत लिहिण्याजोगे.

गाडीत धूर कमी लागावा म्हणून कुठल्या डब्यात बसावे?
*— नियमित प्रवासी, मिरज*

विजेचे इंजिन असेल तर इंजिनापासून नव्हे, जनरेटर डब्यापासून लांब. लाल एलएचबी (जर्मन रचनेच्या डब्यांच्या) गाड्यांच्या टोकाला डिझेल जनरेटरचा डबा असतो. हल्ली इंजिनच तारेतून घेतलेली ७५० व्होल्टची वीज डब्यांना पुरवते आणि तो जनरेटर राखीव राहतो; फलाटावर तो घरघरत असेल तर समजा की ती सोय त्या दिवशी बंद आहे. गाडी धुण्याच्या पिट लाइनवरही ७५० व्होल्टचे जोड असावे लागतात, नाहीतर डबे साफ होईपर्यंत जनरेटर चालू.

डिझेल इंजिन ओढत असेल तर पहिले दोन-तीन डबे टाळा. टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की इंजिन पुढे असताना लगतच्या डब्यातली हवा, तेच इंजिन मागून ढकलत असतानाच्या मानाने कितीतरी अधिक काजळीने भरलेली असते. वातानुकूलित डबाही त्याला अपवाद नाही, कारण त्याची ताजी हवा टपाजवळूनच आत येते.